तिघांजवळ दिलेला निरोप

माझ्या आईला निरोप पाठवायचा असला म्हणजे ती तो एकाजवळ कधीच देत नाही, तिघांजवळ देते. नदीपलीकडे मामाकडे काही कळवायचे असो, की बारामतीच्या शिंप्याकडे टाकलेल्या पोलक्याची चौकशी असो, ती आधी दूधवाल्याला सांगेल, मग एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या एखाद्या ओळखीच्याला सांगेल, आणि एवढ्यावर भागले नाही म्हणून शाळेत निघालेल्या पोरालाही बजावील. घरात मोबाईल आला तरी ही सवय गेली नाही. मामाशी फोनवर बोलून होते, आणि तेवढ्यात तिकडे निघालेला कोणी रस्त्यावर दिसला की ही अंगणातूनच त्याला हाक मारते आणि तेच सगळे पुन्हा सांगते.

"अगं, आत्ताच बोललीस ना त्याच्याशी?" मी हसून म्हणतो.

"बोलले खरी. पण फोनचं काय सांगावं?"

यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मी मास्तर आहे आणि थोडेफार लिहितो, म्हणून माणसांच्या अशा लकबी मी टिपून ठेवतो. आईची ही लकबही मी एक गमतीची गोष्ट म्हणून बाजूला ठेवली होती. तिच्यात एक मोठे शास्त्र दडले आहे हे मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने शिकवले. आणि त्या शास्त्रात कुठे काय कमी पडते, ते आईने.

आमचे वडगाव निंबाळकर नीरा-बारामती रस्त्यावरचे. गावाजवळून नीरा डावा कालवा वाहतो, दक्षिणेला नीरा नदी, आणि जिकडे नजर टाकावी तिकडे ऊस. हा विद्यार्थी शाळेत असताना काही फार हुशार म्हणून गाजलेला नव्हता. पण घड्याळे, रेडिओ, पंपाचे स्टार्टर उघडून पाहण्याचा त्याला नाद होता. पुढे तो शिकत शिकत गेला आणि आता बिनतारी जाळ्यांवर संशोधन करतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला तो चार-पाच पेट्या घेऊनच. शिवामृताच्या डब्याएवढी एकेक पेटी, वर तळहाताएवढी सोलर प्लेट, खाली मातीत खुपसायची एक सळई. त्यांतली एक त्याने आमच्या उसाच्या बांधावर बसवली.

उसात अशी यंत्रे बसवणे आमच्याकडे आता नवलाचे राहिलेले नाही. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ साली मायक्रोसॉफ्टचे तंत्र आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील तज्ज्ञांचे साहाय्य घेऊन उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग आरंभला. जमिनीतला ओलावा, हवेतला दमटपणा यंत्राने मोजायचा आणि पाणी कधी, किती द्यायचे ते शेतकऱ्याला फोनवर कळवायचे. २०२५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्याचा जगापुढे उल्लेख केला, तेव्हा आमच्या पारावरही दोन दिवस दुसरा विषय नव्हता. माझ्या विद्यार्थ्याची पेटी मात्र त्या मोठ्या कामातली नव्हे. तो त्याच्या अभ्यासाचा घरगुती खटाटोप.

"ह्या जाळ्याला मराठीत काय म्हणशील?" मी विचारले.

तो जरा घुटमळला. "शब्दाला शब्द ठेवला तर संधीसाधू जाळं म्हणावं लागेल, सर."

मला हसू आवरेना. संधीसाधू मंडळी आमच्या तालुक्याला काही नवी नाहीत. दर निवडणुकीला भेटतात. पण त्याने समजावून सांगितले तेव्हा मी गप्प झालो. आपल्या फोनला मनोरा लागतो. मनोरा नसला, किंवा त्याची वीज गेली, की फोन मुका. ह्या पेट्यांना मनोऱ्याचा आधार नसतो. एका पेटीने टिपलेले जवळून जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायचे. तो कोणी म्हणजे दुसरी पेटी असेल, बांधावरून मोटारसायकलवर जाणाऱ्याच्या खिशातला फोन असेल, नाहीतर ट्रॅक्टरवर बसवलेले यंत्र असेल. त्याने ते सांभाळून न्यायचे आणि पुढचा भेटला की त्याच्या स्वाधीन करायचे. कायमचा रस्ता नाही, ठरलेली वेळ नाही. जी गाठ पडेल तिचा उपयोग करून घ्यायचा, एवढेच.

"म्हणजे हा तर आमचा निरोप!" मी म्हणालो.

"निरोपच, सर. पण निरोप्याच्या अंगात ताकद फार थोडी."

खरी अडचण इथे आहे. पेटीत एक लहानशी बॅटरी. ती बदलायला रोज कोण उसात शिरणार? तेव्हा तिने वर्षानुवर्षे पुरवून पुरवून जगले पाहिजे. बोलायला शक्ती लागते हे कोणालाही कळेल. दुप्पट लांब आवाज पोचवायचा तर मोकळ्या माळावरसुद्धा चौपट शक्ती लागते. मग डोक्याच्या वर वाढलेल्या ओल्या उसाचे विचारूच नका. म्हणून एका पेटीने लांब ओरडण्यापेक्षा मध्ये दोघी-तिघींनी कानगोष्टी केलेल्या बऱ्या. ही काटकसर जुनीच आहे. १९२७ साली हिंदुस्थान आणि विलायत यांच्यात बिनतारी संदेशांची थेट सेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवण्याचे केंद्र खडकीला होते आणि ऐकण्याचे आमच्या शेजारच्या दौंडला. मार्कोनीच्या मंडळींनी लहरी चहूकडे उधळून न देता विजेरीच्या झोतासारख्या एका दिशेला सोडल्या, आणि त्यामुळे पूर्वीच्या अवाढव्य केंद्रांपेक्षा पुष्कळ कमी शक्तीत सातासमुद्रांपलीकडचे काम भागवले. दौंडच्या प्लॅटफॉर्मवर मी इतक्यांदा चहा प्यालो आहे; पण तिथे कोणी एकेकाळी विलायतेकडे कान लावून बसत असे हे मला माहीत नव्हते.

पण मला खरे नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. बोलायला जेवढी वीज लागते जवळजवळ तेवढीच ऐकायलाही लागते. आणि कोणीच बोलत नसताना, आता कोणी बोलेल म्हणून कान देऊन बसायचे, त्यालाही तेवढीच! पेटी झोपली तर हजारावा हिस्साही पुरतो. तेव्हा बहुतेक वेळ झोपायचे, आणि मध्येच क्षणभर जागे होऊन कोणी आहे का पाहायचे. पण मी जागा झालो तेव्हा समोरचा झोपेत असला तर? आणि तो जागा झाला तेव्हा मी झोपेत असलो तर? दोघे हातभर अंतरावर असून आयुष्यात भेट नाही.

हे मला लगेच पटले, कारण कालव्याची पाळी मी लहानपणापासून पाहिली आहे. पाटकरी सांगून जायचा, रात्री दोनला तुमचे पाणी. वडील घोंगडी पांघरून बांधावर बसायचे. डोळा लागला की पाणी शेजाऱ्याच्या रानात. शेजाऱ्याचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असले की पहाटे बाचाबाची. पेट्यांचीही हीच तऱ्हा. प्रत्येकीच्या आत घड्याळ, आणि कोणतीही दोन घड्याळे दीर्घकाळ बरोबर चालत नाहीत. ती जुळवून घ्यायची तर पुन्हा बोलणे आले, आणि बोलणे आले की वीज आली. जगभरची शहाणी माणसे या गाठीशी झोंबत आहेत, आणि ही तर आमच्या पाटकऱ्याची गाठ!

त्या दिवशी आईने शेव-चकली पुढे ठेवली आणि तीही ऐकत बसली. पोराला हुरूप आला. त्याने तिला विचारले, "आजी, निरोप किती जणांजवळ द्यावा?"

"तिघांजवळ," आई म्हणाली. जणू पाढाच विचारला होता.

तो चकली खाता खाता थांबला. मग सांगू लागला. २००० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील दोघांनी असा विचार मांडला की निरोप भेटेल त्याला द्यावा, त्यानेही भेटेल त्याला द्यावा. साथीचा रोग पसरतो तसा तो पसरत जाईल आणि कुठून तरी पोचेलच. पोचतो खरा, पण गावभर बोभाटा होतो आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या त्या एका निरोपापायी उतरतात. उलट एकाजवळच द्यावा तर खर्च थोडा, पण तो एक वाटेत अडला की संपले. २००५ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तिघांनी यातून मधली वाट काढली. निरोपाच्या प्रती मोजक्याच करायच्या, तेवढ्या वाटायच्या आणि स्वस्थ वाट पाहायची. खर्च बेताचा आणि पोचण्याची खात्री बरीच.

"आजींनी हे त्यांच्या आधीच काढलंय," तो मला म्हणाला. आई हसली नाही. ती उठून आत गेली. का गेली ते मला माहीत होते. पण ते पुढे सांगतो.

ही नुसती कागदावरची शास्त्रे आहेत असे मात्र कोणी समजू नये. २००४ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी केनियात झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधले. दोन झेब्रे जवळ आले की पट्टे आपापसात नोंदींची देवघेव करीत. मग सगळ्या कळपामागे धावण्याची गरज नाही, एक झेब्रा गाठला की इतरांचीही हकीकत हाती. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला, त्याच सुमारास, प्रवासी बसवर बिनतारी यंत्र ठेवले होते. बस खेड्यात शिरली की तिथल्या संगणकातली कागदपत्रे उचलायची, आणि शहरात गेली की ती उतरवायची. म्हणजे आईचा एस.टी.तला निरोप्याच! आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी तर कमालच केली. त्यांनी घडवलेला 'स्वयम्' हा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. एका ठिकाणचा निरोप पोटात घ्यायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना तिथे द्यायचा, हे त्याचे काम. एवढ्याशा जीवाजवळ वीज ती किती असणार? म्हणून त्याला वळवायला विजेची यंत्रणा न ठेवता आत साधे लोहचुंबक बसवले. होकायंत्राची सुई जशी आपोआप वळते, तसा तोही पृथ्वीच्या चुंबकत्वाने आपोआप वळायचा.

'संधी'चा आणखी एक अर्थ त्याने सांगितला. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आय.आय.टी.ने दूरदर्शनच्या मोकळ्या पडलेल्या लहरींवरून खेड्यांपर्यंत इंटरनेट नेऊन दाखवले. त्यांच्या अभ्यासात असे दिसले की दूरदर्शनसाठी राखलेल्या त्या पट्ट्यातील पंधरा वाटांपैकी निदान बारा देशात कुठेही मोकळ्याच असतात. मालकाला धक्का न लावता त्याच्या पडीक रानातून पाऊलवाट काढावी तसे हे. फक्त मालक येतो आहे का यावर कान ठेवावा लागतो. आणि कान ठेवणे म्हणजे पुन्हा वीज. फिरून फिरून गाडी तिथेच येते.

मग हा मे महिना आला. २०२५ च्या मेअखेरीस, मृगाची वाट पाहण्याच्या दिवसांत, बारामतीकडे असा पाऊस कोसळला की नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला. आमच्या घरची वीज गेली, पाठोपाठ फोन मुका झाला. आई फोन पदराला पुसून पुसून पाहत होती आणि मी मनात म्हणत होतो, आता तिघे निरोपे मिळाले तरी ते चिखलातून जाणार कुठून? बांधावर तर कोणी फिरकलेच नाही. पण बांधावरची पेटी काम करीत होती. ती उठत होती, ओलावा टिपत होती, कोणी आहे का पाहत होती, आणि पुन्हा झोपत होती.

पाऊस ओसरल्यावर पोरगा आला. पेटीजवळ फोन धरून उभा राहिला. थोड्या वेळाने घरी येऊन म्हणाला, "शेवटच्या दोन दिवसांच्याच नोंदी मिळाल्या. आधीच्या गेल्या."

"गेल्या म्हणजे? बिघाड झाला?"

"बिघाड नाही, सर. मीच तसं सांगून ठेवलंय तिला. प्रत्येक निरोपाला मुदत असते. मुदत टळली की पेटी तो टाकून देते. शिळा निरोप वाहून नेण्यात जागा जाते, तो देताना वीज जाते, आणि उपयोग तर काहीच नाही. चार दिवसांपूर्वी जमीन किती ओली होती हे आज कळून काय करायचं?"

आई भाजी निवडत होती. ती खाली मानेनेच म्हणाली, "टाकून देती? सांगायच्या आधीच?"

"मुदत संपल्यावर, आजी."

"निरोपाला कसली रे मुदत?" ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

आता ती जुनी गोष्ट सांगायला हवी. १९९१ सालचा मार्गशीर्ष. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आईची आई नदीपलीकडे, फलटण तालुक्यात, मामाकडे अंथरुणाला खिळली होती. मामाच्या गावचा एक माणूस बैलगाडीत कांदे भरून आमच्याकडच्या बाजाराला निघाला, तेव्हा आजीने त्याला बोलावून घेतले आणि लेकीला निरोप दिला. तो आमच्या दारात आला तर दाराला कडी. कारखान्याची तोड आली होती आणि आम्ही सगळे रानात. संध्याकाळी परत येऊ असे म्हणून तो गेला, आणि बाजारातच त्याच्या बैलाचे पोट फुगले. जनावर वाचवायचे म्हणून त्याने ते कसेबसे कोऱ्हाळ्याला पाहुण्याकडे नेले आणि तिथेच अडकून पडला.

इकडे दुसऱ्या रात्री आजी गेली. मामेभाऊ सायकलवर कळवायला आला, तेव्हा आईला पहिल्यांदा कळले की दुखणे एवढे वाढले होते. ती गेली ती माती द्यायला. तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर परत आली.

आणि पाचव्या दिवशी सकाळी तो माणूस आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. तो नदी ओलांडून घरी गेलाच नव्हता. त्याला काहीच ठाऊक नव्हते. पायांवर चिखल, डोळे जागरणाने लाल. म्हणाला, "वैनी, चार दिस झालं, यायला जमलं न्हाई. तुमच्या आईचं दुखणं वाढलंय. तुमाला लगोलग बोलावलंय."

वडील काही बोलणार तोच आईने त्यांना हाताने थांबवले. तिने त्या माणसाला ओट्यावर बसवले, पाण्याचा तांब्या दिला, आणि विचारले, "आनि काय म्हनली आई?"

"म्हनली, येताना धाकट्याला घिऊन ये. त्याला बघायचं हाय. आनि त्याच्यासाठी शेंगा भाजून ठिवल्यात उतरंडीच्या वरच्या मडक्यात, त्या त्याला दे म्हनली."

धाकटा म्हणजे मी.

आईने त्याला चहा केला. बैल कसा आहे विचारले. तो उठला असे ऐकून तिला बरे वाटले, आणि ते तिने बोलूनही दाखवले. तो गेल्यावर ती चुलीपुढे बसून राहिली. त्या माणसाला तिने कधी बोल लावला नाही. कोणी लावलाच तर म्हणायची, "त्याच्याबी घरची लक्ष्मीच व्हती ती. आपल्या निरोपापायी त्यानं बैल मारायचा व्हता का?" मात्र त्या दिवसापासून तिने निरोप एकाजवळ कधी दिला नाही. पुढच्या खेपेला मामाकडे गेलो, तेव्हा त्या मडक्यातल्या शेंगा तशाच होत्या. मी त्या खाल्ल्या.

पोरगा दोन दिवस गावात होता. त्याला मी हे सारे सांगितले. तो ऐकून बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, निरोप नेणाऱ्यानं आपली बॅटरी दुसऱ्यासाठी का खर्चावी, यावर आमच्यात ढीगभर लेख आहेत. कोणी त्याला मोबदला द्या म्हणतो, कोणी त्याची पत मोजा म्हणतो. पण बैलाची चौकशी करा असं कोणी लिहिलेलं नाही."

"आणि मुदतीचं काय?"

"मुदत काढता येणार नाही. सगळंच जपून ठेवलं तर पेटी चार दिवसांत मरेल." तो बोटांनी हिशेब करीत राहिला. "पण टाकून न देता मागं सरकवता येईल. ताजे निरोप आधी द्यायचे. शिळे झालेले पेटीच्या तळाशी, थोडक्यात टिपून ठेवायचे. आणि ज्या दिवशी कडक ऊन पडेल, बॅटरी भरून वर वीज उरेल, त्या दिवशी कोणी भेटलं तर तेही सांगून टाकायचे. उरलेल्या विजेत."

मला तो तोडगा आवडला. मी काही त्यातला जाणकार नाही. दहावीनंतर विज्ञानाची आणि माझी गाठ पडली नाही. पण इतके कळते की काटकसर हा गरिबाचा धर्म आहे. ह्या पेट्या गरीबच. वीज, जागा, वेळ, सगळे त्यांना मोजून मिळते. त्यांनी काय टाकावे हे शास्त्राने जरूर ठरवावे. फक्त, उशीर झालेल्या निरोपातही ऐकणाऱ्याचे काही राहिलेले असते, हे टाकणाऱ्याला कळायचा उपाय नसतो. मडक्यातल्या शेंगांना ओलाव्याच्या नोंदीसारखी मुदत लावता येत नाही.

यंदाही दिवाळीला तो येणार आहे. मेमध्ये जाताना त्याने आईला वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, "पोचलास की कळव." तो बरे म्हणाला. मग आई रिक्षावाल्याला म्हणाली, "ह्याला स्टँडवर सोडलास की मला येऊन सांग." आणि रिक्षा निघाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बी रातच्याला त्याला फोन लाव."

रात्री त्याचा फोन लागला नाही. रिक्षावाल्याने मात्र येऊन सांगितले. आणि दोन दिवसांनी सकाळी, आईच्या फोनवर, तो परवाच सुखरूप पोचल्याचा त्याचा निरोप येऊन पडला. मी तो वाचून दाखवला आणि म्हणालो, "शिळा आहे गं."

"असू दे," ती म्हणाली. "वाच पुन्हा एकदा."